ते वेगळं होतं

यंदा पुन्हा निवडणूक श्रावणात आली आहे. सकाळपासून मीरा रोडजवळच्या गोडदेवच्या गल्लीत कर्णे लावलेल्या रिक्षा फिरतायत. एकीचा आवाज विरतो न विरतो तोच दुसरी वळते, आणि दोघींच्या मध्ये जी थोडी शांतता मिळते तिच्यात पत्र्यावरून गळणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू येतो. आईकडे आले की मी खिडकी लावून घेते. आई उठून ती उघडते.

"ऐकू दे ना. काय बोलायलेत ते कळाया नको का?" म्हणते.

कळायला हवं, हे खरं. पण मला बसवत नाही. मोबाईलवर रोज कुणाच्या तरी भाषणाचा तुकडा येतो. कुणीतरी कुणाच्या रंगावरून, गावावरून, जातीवरून काहीतरी बोललेलं असतं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्यावर कधी आगपाखड होते, तर कधी हसणारे पिवळे चेहरे रांगेनं येतात. बोललेलं जवळजवळ तेच असतं. बोलणारा बदललेला असतो. असा तुकडा आला की मीसुद्धा आधी मागचा झेंडा कुठला ते बघते, आणि मग रागवायचं की नाही ते ठरवते. हे लक्षात आलं की फोन पालथा घालून मी उगाच खोलीभर फिरते. आई बघत असते.

मग तो श्रावण आठवतो. खरं तर आठवावा लागत नाही.

मी तेव्हा नुकती कॉलेजात जायला लागले होते. दोन हजारानंतरची ती पहिली काही वर्षं. फोन लोकांच्या हातात आले होते, पण भाषणं अजून खिशात मावत नव्हती. ती मैदानावर जाऊन किंवा केबलच्या बातम्यांत ऐकावी लागत. त्या श्रावणाचा वास माझ्या नाकात अजून आहे. मांडवांच्या ओल्या ताडपत्रीचा, नव्या फ्लेक्सच्या उग्र रंगाचा, चिखलात तुडवलेल्या झेंडूचा. खाडीकडची मिठागरं पाण्याखाली गेलेली असायची आणि संध्याकाळी तिकडून खारट, दमट वारा यायचा. अंगावरचे कपडे दिवसभर वाळायचेच नाहीत.

आम्ही नांदेडकडचे. बौद्ध. बाबा पाण्याच्या टाकीवर कंत्राटी कामाला होते. आई, मंदा तिचं नाव, स्टीलची भांडी बनवणाऱ्या एका गाळ्यात पॅकिंगला जायची. आमच्या तीन माळ्यांच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या माळ्यावर आम्ही, समोरच्या खोलीत जौनपूरच्या गीता भाभी, त्यांचा नवरा आणि चार मुलं. खाली तळमजल्यावर सावंतकाका. काका रत्नागिरीचे, एका पक्षाच्या शाखेचं काम बघायचे. माणूस भला. कुणाचं रेशन कार्ड अडलं, कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं, की काका चपला घालून तयार. आईला त्यांनीच शाखेत नेलं. आणि बाबांना म्हणाले होते, "साहेबांच्या कानावर घातलंय. निवडणूक झाली की तुमचं कायम होण्याचं बघतो." साहेब म्हणजे त्यांचे नेते. बाबांनी ते वाक्य घरात इतक्यांदा म्हटलं होतं की ते आमच्या भिंतीवर लिहिलेलं असल्यासारखं वाटायचं.

माझी आई काळी आहे. कौतुकानं किंवा दुःखानं सांगत नाही, पुढचं कळावं म्हणून सांगते. चांगली काळी, तुकतुकीत. आणि आवाज असा की गाळ्यातली मशीनं चालू असताना तिला कधी दुसऱ्यांदा हाक मारावी लागली नाही.

त्या आवाजामुळंच सगळं सुरू झालं. समोरच्या पक्षाचा एक उत्तरेकडचा पुढारी मीरा रोडच्या सभेत हसत हसत म्हणाला, "ज्यांच्या बाया आमच्याकडे भांडी घासायला येतात, ते हे शहर चालवणार?" मराठी माणसांना उद्देशून. केबलवर ते दिवसभर दाखवलं. दुपारपर्यंत गोडदेवची दुकानं बंद झाली. सावंतकाका घरोघर फिरले, आणि दुसऱ्या दिवशी काशीमिऱ्याच्या नाक्यावर मोर्चा गेला. पावसात. ट्रक अडले, रिक्षा अडल्या, हायवेच्या दोन्ही बाजूंना हॉर्न वाजत राहिले. साहेब टेंपोवर उभं राहून भाषण करत होते. सगळ्यात पुढं आई. पदर कमरेला खोचलेला, केस ओले, आणि तिचा आवाज त्या हॉर्नच्या वर. पुतळा जाळायला आणला होता तो भिजून पेटेना, तर तिनंच कुणाकडून तरी रॉकेल मागवलं.

मी मागं छत्री घेऊन उभी होते. खोटं कशाला बोलू, मला तिचा फार अभिमान वाटला. गाळ्यात दिवसभर ताटंवाट्या कागदात गुंडाळणारी बाई, आणि तिच्या एका हाकेवर रस्ता थांबतो. संध्याकाळी घरी आली तेव्हा तिचा घसा पार बसला होता. सावंतकाका दारात येऊन म्हणाले, "वहिनी, आज तुमच्यामुळं मोर्चा उभा राहिला. रविवारी सभा आहे. साहेबांना हार तुम्ही घालायचा."

आईनं त्यासाठी मोरपंखी साडी इस्त्रीवाल्याकडं दिली. एरवी तिचे कपडे कधी इस्त्रीला जात नसत.

सभा संध्याकाळची होती, शाळेमागच्या मैदानात. चिखलावर भुसा टाकला होता. आम्ही बिल्डिंगवाले सगळे पुढच्या खुर्च्यांवर. नाव पुकारलं तशी आई हार घेऊन पायऱ्या चढली. साहेब माईकपाशी उभे होते. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, डोळ्यांवर आडवा हात धरला आणि माईकमध्ये म्हणाले, "अरे लाईट मारा रे इकडं! ताई दिसेनात मला. मला वाटलं नुसता हारच चालत आला."

मैदान हसलं.

हसणं ऐकून त्यांना हुरूप आला. "नाही नाही, हसू नका. आपल्या पक्षात सगळ्यांना जागा आहे. काळ्यांना तर काय, आरक्षणच आहे!"

यावर शिट्ट्या पडल्या. माझ्या शेजारी सावंतकाकू तोंडाला पदर लावून हसत होत्या. पलीकडे मोर्चात आईचा हात धरून चाललेल्या दोघी हसत होत्या. मी बाबांकडं पाहिलं. बाबांचे ओठ हसल्यासारखे झाले होते, डोळे मात्र खाली भुशाकडं.

आई हार वर धरून उभी होती. साहेब हसत होते म्हणून त्यांची मान खाली येत नव्हती. तिला वाट बघावी लागली. मग त्यांनी मान पुढं केली, तिनं हार घातला, नमस्कार केला आणि पायऱ्या उतरली. येऊन माझ्या शेजारी बसली. सभा संपेपर्यंत ती समोर बघत होती आणि मी तिच्या हाताकडं. झेंडूचा पिवळा रंग तिच्या बोटांना लागला होता आणि ती तो अंगठ्यानं घासत होती, घासत होती.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "तिथं उजेड खरंच कमी होता."

आई म्हणाली, "आरक्षण बी उजेडामुळं दिसलं का?"

बाबांनी शर्ट काढून खुंटीला अडकवला. मग म्हणाले, "मंदा, माझं कायम व्हायचंय."

मला तेव्हा बाबांचा संताप आला होता. आता येत नाही. आता त्यांचा तो खाली गेलेला आवाज तेवढा आठवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई तळमजल्यावर गेली. मी पाठोपाठ. सावंतकाका दाढी करत होते. ती दारातूनच म्हणाली, "भाऊजी, मोर्चा कधी काढायचा?"

"कसला मोर्चा?"

"साहेब बोलले त्याचा."

काकांनी साबणाचा चेहरा वळवला. त्यांना खरंच कळलं नव्हतं, हे मला दिसलं, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. "अहो वहिनी, साहेबांचा स्वभावच गमत्या आहे. मनाला लावून घेऊ नका. त्यांच्या पोटात काही नसतं."

"तो दुसरा बी हसतच बोलला होता. भांड्याचं."

"ते वेगळं होतं."

"कसं वेगळं?"

काकांनी वस्तरा धुतला. "तो आपल्या सगळ्यांना बोलला. परका माणूस. साहेब आपले. घरातला माणूस घरातल्याला बोलतोच की."

"मग मला घरातली म्हणून बोलले, का काळी म्हणून, का आमच्यातली म्हणून?"

या 'आमच्यातली'वर काकू आतून बाहेर आल्या. "काय गो मंदा, सणासुदीचं काय काढतेस? माझी सासू मला जन्मभर काळतोंडी म्हणायची. मी काय मोर्चा काढला?"

आई तिथून निघाली. पण थांबली नाही. त्या दिवशी ती गाळ्यात गेलीच नाही. मोर्चात जेवढ्या बायका तिच्याबरोबर होत्या त्या प्रत्येकीच्या दारात गेली. रागानं नाही, अगदी साध्या आवाजात विचारायची, "परवा आपण गेलो होतो तसं पुन्हा जायचं का?" एकीनं चहा दिला. एकीचं पोर आजारी होतं. एक म्हणाली, "तुला एकटीला बोलले गं. एकटीसाठी रस्ता कसा अडवायचा?" ह्या वाक्यावर मी अजूनही अडते. किती माणसांना बोललं की रस्ता अडवता येतो?

संध्याकाळी ती विहारात गेली. तिथं राग होता. खराखुरा राग होता. तरुण पोरं उठून उभी राहिली. पण जाधव गुरुजी, ज्यांचा शब्द सगळे मानत, त्यांनी हातानं खाली बसवलं. "मंदा, आम्हाला काही वाटत नाही असं समजू नकोस. पण आपली माणसं यंदा त्यांच्याबरोबर उभी आहेत. आत्ता बोललो तर आपलीच जागा पडेल. मतदान होऊ दे."

"मतदान झाल्यावर तेच शब्द कमी काळे होतील का, गुरुजी?"

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. ते म्हातारे होते, त्यांनी आयुष्यात पुष्कळ ऐकलं आणि सोसलं होतं.

आणि मग ज्यांनी यायला नको होतं ते आले. समोरच्या पक्षाची माणसं. तिघं जण, पायातले बूट बाहेर काढून, अदबीनं. त्यांनी एक गुंडाळी उलगडली. फ्लेक्स होता. त्यावर आईचा फोटो, मोर्चातलाच, तोंड उघडं, हात वर. फोटोतला रंग उजळ करून घेतला होता. खाली मोठ्या अक्षरांत मागासवर्गीय भगिनीचा अपमान, आणि त्याखाली त्यांच्या नेत्यांचे चेहरे रांगेनं.

"ताई, उद्या आपण मोर्चा काढतोय. तुम्ही फक्त उभं राहायचं. बोलायचं आम्ही बघतो."

आई त्या फोटोकडं बघत राहिली. मग विचारलं, "तुमच्या माणसानं आमच्या बायांना भांडीवाल्या म्हटलं, तवा तुम्ही कुठं होता?"

त्यातला एक, चांगला शिकलेला दिसत होता, म्हणाला, "ताई, ते वेगळं होतं. त्यांच्या बोलण्याचा विपर्यास केला होता."

आईला हसू आलं. घसा बसलेला असल्यामुळं ते हसणं खोकल्यासारखं वाजलं. "घेऊन जा ते," ती म्हणाली. "आणि माझा रंग माझा मला परत लावा."

ती माणसं जिना उतरताना अख्ख्या बिल्डिंगनं पाहिली. त्या संध्याकाळपासून आई विकली गेल्याची बातमी झाली. काय सांगितलं, काय नाकारलं, कुणी विचारलं नाही. जिन्यात तिला बघून माणसं बोलता बोलता थांबायची. नळावर तिची बादली मागं सरकवली जायची. त्या दिवसांत माझा अभ्यास होईना. पुस्तक उघडायचं, मिटायचं. पाऊस पडला तरी चीड यायची, थांबला तरी. आई मात्र गाळ्यात जायला लागली होती. भाकऱ्या करायची, डबा भरायची, जायची.

मतदानाच्या आधी साहेब स्वतः आमच्या घरी आले. बरोबर सावंतकाका, दोन कार्यकर्ते आणि एक फोटोवाला. आमच्या खोलीत इतकी माणसं मावत नव्हती, म्हणून फोटोवाला दारात उभा राहिला. समोरच्या दारात गीता भाभी धाकट्याला कडेवर घेऊन बघत होत्या. साहेबांनी साडीचा बॉक्स टेबलावर ठेवला. "ताई, तुम्ही मला बहिणीसारख्या. तुमच्या मनात काही असेल तर काढून टाका."

आई म्हणाली, "बसा."

साहेब पलंगावर बसले. बाबांनी पाणी दिलं.

"साहेब, त्या दिवशी माईकवर बोललात ते इथं एकदा बोला."

"कशाला आता ते, ताई?"

"गंमत होती म्हणतेत सगळे. मग बोला की. आम्ही घरची पाच-सहा माणसं आहोत. माझी पोरगी आहे. आमी बी हसू."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, बाबांकडं पाहिलं, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडं पाहिलं. हजारो माणसांसमोर ज्याची जीभ कधी अडली नाही, त्या माणसाला आमच्या खोलीत दोन वाक्यं बोलता येईनात. त्यांचा चेहरा लाल झाला. ग्लास खाली ठेवून ते उठले. "बरं, येतो. आशीर्वाद असू द्या," म्हणाले. साडी राहिली होती. आईनं ती सावंतकाकांच्या हातात दिली. काका ती घेऊन पहिल्यांदाच मान वर न करता जिना उतरले.

साहेबांचा पक्ष निवडून आला. बाबा कायम झाले नाहीत. वर्षभरानं कंत्राट संपलं आणि ते एका गोदामात लागले. त्याबद्दल त्यांनी आईला एका शब्दानं कधी दोष दिला नाही, आणि त्या गप्प राहण्याचं ओझं आई अजून वाहते. सावंतकाकू पुढं बोलायला लागल्या, गणपतीत मोदकही आले. त्या दोन वाक्यांचा विषय मात्र त्या घरात पुन्हा निघाला नाही. कधी निघालाच असता तर काय म्हणाले असते तेही मला माहीत आहे.

पण मला सांगायचं आहे ते साहेब जिना उतरून गेल्यानंतरचं.

त्या दिवशी आईच्या अंगात वीज खेळत होती. गेल्या कित्येक दिवसांत ती अशी दिसली नव्हती. गाड्या गेल्याचा आवाज आला तशी ती समोर भाभींकडं गेली. मीही गेले. भाभी ओट्यापाशी तांदूळ निवडत होत्या. आई म्हणाली, "देखा भाभी? बोलने को बोला तो मुंह नहीं खुला उसका."

भाभी हसल्या. "देखा. अच्छा किया तूने."

मग त्यांनी ताट बाजूला ठेवलं. हसणं ओसरलं. "मंदा, एक बात पूछूं? काशीमीरा में जिस दिन तुम लोग रास्ता रोके थे, उस दिन मैं वहीं थी."

"कहां?"

"रिक्षा में. छोटे को बुखार था, डॉक्टर के पास से ला रही थी. तुम लोगों ने रोक दिया. टेंपो के एकदम बाजू में फंस गए हम. तेरा साहब ऊपर खड़ा था. भांडीवाली बात का जवाब दे रहा था. हम लोगों के बारे में कुछ बोला था. याद है?"

आईचा चेहरा मी बाजूनं बघत होते. मला आठवत नव्हतं. मी छत्रीखाली मागं होते. आईला आठवलं. ते तिच्या ताठलेल्या मानेवर दिसलं.

"तू सबसे आगे थी," भाभी म्हणाल्या. त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं. भाजीचा भाव विचारावा तसा तो आवाज होता. "अभी तूने उसको बोला ना, यहां बोल के दिखा. तो तू बोल. क्या बोला था उसने?"

धाकटा जमिनीवर बसून डबा वाजवत होता. बाहेर कुठंतरी प्रचाराची रिक्षा गेली. आई उठेल असं मला वाटलं. उठून घरी जाईल, किंवा म्हणेल, ते वेगळं होतं. मला तर ते तिच्या आधी सुचलं होतं. आपला अपमान झाला होता, लोक चिडलेले होते, पाऊस होता, रागाच्या भरात माणूस काहीही बोलतो. सगळी वाक्यं माझ्या तोंडात तयार होती. कुठून शिकले होते मी ती, इतक्या लवकर?

आई ओट्याला धरून उभी होती. घसा अजून पुरता सुटलेला नव्हता. त्या फाटक्या आवाजात, एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, "बोला था... ये लोग चूहे के माफिक हैं. एक बिल में घुसता है, और दस पैदा करता है."

भाभींच्या घरात ते वाक्य माझ्या आईच्या आवाजात ऐकू आलं. मैदानातलं हसणं मी ऐकलं होतं, पण हे त्याहून सोसवेना. धाकट्यानं डबा वाजवायचा थांबवून आईकडं पाहिलं, आणि पुन्हा वाजवायला लागला.

"हां," भाभी म्हणाल्या. "यही बोला था. और तूने ताली बजाई थी."

बाहेरचं जग त्या दिवसांत 'ते वेगळं होतं' या एका वाक्यावर चाललं होतं, आणि ते वाक्य उचलायला माझ्या आईला फक्त तोंड उघडायचं होतं.

"हां भाभी," आई म्हणाली. "बजाई थी."

बास, एवढंच. रडली नाही, हात जोडले नाहीत. भाभींनीही माफ केलं वगैरे काही म्हटलं नाही. त्यांनी तांदळाचं ताट पुन्हा पुढं ओढलं, आणि थोड्या वेळानं आई खाली बसून त्यातले खडे वेचायला लागली. त्या अख्ख्या श्रावणात इतकी माणसं माईकवर, मोर्चात, जिन्यात, विहारात इतकं बोलली. पण कुणी कुणाला सरळ 'हो' म्हणालेलं मी ते एकदाच ऐकलं.